शिकलेला जंतू

सन १९९६. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा. सुरतेत पालिकेच्या दवाखान्यात अंगावर गोधडी घेऊन बसलो होतो, आणि समोरच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काका, मलेरिया छे. ने ते पण झेरी."

झेरी म्हणजे विषारी. एवढी गुजराती सुरतेच्या लिंबायत भागात राहणाऱ्या मराठी माणसाला कळते. डॉक्टरी नाव त्यांनी फाल्सिपेरम सांगितलं. हिवतापाच्या दोन जाती आपल्याकडे जास्त. एक माणसाला छळते, दुसरी घेऊन जाते. माझी दुसरी होती.

खरं सांगतो, भीतीपेक्षा मला राग जास्त होता. कारण मी गोळ्या खाल्ल्या होत्या.

पावसाळा सरता सरता मला पहिल्यांदा हीव भरलं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात उभा होतो, तिथे उन्हाळ्यापेक्षा जास्त गरम असतं, आणि माझे दात वाजत होते. मग ताप, मग घाम, मग काहीच नाही. गल्लीत औषध वाटणारा आला त्याने क्लोरोक्विन दिली. हिवतापाची जुनी, कडू गोळी. सांगितली तशी सगळी खाल्ली. ताप गेला आणि आठवड्यात परत आला. परत गोळ्या, परत ताप.

घरात सगळ्यांनी मलाच धरलं. बायको म्हणाली, "खरं सांगा, गोळ्या खाद्यात का फेकी दिन्यात?" म्हणजे खाल्ल्या की फेकून दिल्या. पोरगा राजेंद्र म्हणाला, "आण्णा, तुम्हाला कडू चालत नाही. थुंकल्या असतील." मला कधी कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. मी दवाखान्यात गेलो तो बरा व्हायला नाही, खरा ठरायला गेलो. माझ्या पायांनी गेलो आणि दारातच बसलो, उठता येईना.

तर बाईंना मी पहिलं हेच सांगितलं. "बाई, एक गोळी थुंकलो नाही."

त्या म्हणाल्या, "मानती हूँ, काका. गोळी खाली तुम्ही. पण हा रेझिस्टन्ट आहे."

"म्हणजे काय?"

त्यांनी थोडा विचार केला. "गोळी वही है. जंतु पढ गया."

लोकं अर्ध्या गोळ्या खातात, बरं वाटलं की सोडतात. कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. उरलेल्यांचीच पिलावळ वाढते, डास ती दुसऱ्याला देतो. असं होत होत ज्याने सगळ्या गोळ्या खाल्ल्या त्याच्याही अंगात गोळीला न जुमानणारा जंतू येतो. असं त्यांनी समजावलं.

माझा राग तिथेच बसला. मी दुसरीतून शाळा सोडून पळालेला माणूस. आणि ज्याला डोळे नाहीत, डोकं नाही, असा किडा माणसाच्या रक्तात बसून शिकून गेला.

मला खाटेवर घेतलं आणि क्विनाइन चालू केलं. हे झाडाच्या सालीचं औषध. बाटलीतून थेंब थेंब शिरेत सोडतात. त्याने कानात शिटी वाजते, म्हणून नर्सबाई दर फेरीला विचारायच्या, "काका, कानात शिटी वाजते?"

मी म्हणायचो, "बाई, माझ्या कानात सारी उमर लूम चालतायत. त्यात तुमची शिटी कुठली ऐकू येणार?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस आजारी असून हसायचा. पण एका दुपारी त्या खटाखटीच्याही वर बारीक, तारेसारखी शिटी आली. मी हात वर करून नर्सबाईंना बोलावलं, "आली, आली!" पाहुणा आल्यासारखं. कानांत कोणी शिरू शकेल असं मला वाटलं नव्हतं.

ताप उतरला. भात गोड लागायला लागला. घरी सोडायच्या दिवशी पुन्हा बोट टोचलं. मी लॅबवाल्याच्या मागे लागलो, माझं रक्त मला दाखव. तो कंटाळून म्हणाला, "आवो दादा, जुओ." रक्त बघायच्या दुर्बिणीला मी डोळा लावला. गुलाबी चकत्यांचा पसारा, आणि त्यांत एक जांभळी कोर. बीजेची असते तशी. इतकी नीटस वस्तू मी कुठल्या साडीच्या काठावर पाहिली नाही. माझ्या अंगात, मला न विचारता.

"ये क्या है?"

"गॅमेटोसाइट," तो म्हणाला.

मग बाईंनी उलगडून सांगितलं. हे जंतूतले नर आणि मादी. माणसाच्या अंगात त्यांचं लग्न लागत नाही, ते डासाच्या पोटात लागतं. मला आता त्यांच्याने ताप येणार नाही. पण डासाने मला चावून ते नेले, की पुढे तो ज्याला चावेल त्याला देईल.

मी म्हटलं, "म्हणजे मी बरा आणि माझं वऱ्हाड निघालेलं?"

बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "घरात कोण कोण आहे?"

मी सांगितलं. सून सुनंदा, पोटुशी, पाचवा महिना.

त्यांचा चेहराच बदलला. पोटुशी बाईला झेरी मलेरिया झाला तर आईलाही धोका आणि पोटातल्या जिवालाही. त्या कोरींवर प्रायमाक्विन नावाची गोळी असते, ती मला समोर उभं राहून गिळायला लावली. ती गर्भारणीला देता येत नाही. मला म्हणाल्या, गोळीला काम करायला वेळ द्या, तोवर मच्छरदाणीत झोपा, सुनेलाही निजवा. पाण्याच्या टिपांवर, पिंपांवर कापड बांधा. हा डास गटारात नाही, चांगल्या पाण्यात अंडी घालतो.

आमच्यात मच्छरदाणी बाळंतिणीची. मी ओट्यावर तिच्यात शिरलो तर गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून गेल्या. एकजण म्हणालाच, "आण्णा, पेढे कधी?" मी मच्छरदाणीची कड गोधडीखाली खोचली.

आणि तरी थोड्या दिवसांनी सुनंदाला कणकण आली.

राजेंद्र कामावर होता. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर उभी राहत नाही, बोलायचं तर सासूमार्फत. त्या दिवशी मीच रिक्षा आणली. सासूसुना दोघी मागे बसल्या, मी पुढे ड्रायव्हरजवळ. वाटेत मला एकच दिसत होतं. ती जांभळी कोर, माझ्या रक्तातून निघालेली.

लॅबवाल्याने तिचं बोट टोचलं. थेंब घेतलेली काच वाळली, रंगवली. तो दुर्बिणीत बघत राहिला. काच सरकवायचा, बघायचा. दुसरी काच घेतली. मी तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही.

पदराआडून सुनंदा म्हणाली, "आण्णा, बसा. तुम्ही पडाल." माझ्याशी थेट बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

लॅबवाल्याने मान वर केली. "कंई नथी. साफ छे."

साधा सर्दीतापच निघाला. मी बसलो. तिच्या रक्ताच्या त्या दोन थेंबांत काही नव्हतं, आणि काही नसणं एवढं मोठं असतं हे मला त्या बाकावर कळलं. त्या बाईंचे, नर्सबाईंचे, त्या कंटाळलेल्या लॅबवाल्याचे उपकार मी मानतो. ज्याच्या घरात ताप असेल त्याला माझं इतकंच सांगणं, बरं वाटणं आणि बरं होणं वेगळं. पूर्ण गोळ्या खा, आणि तरीही ताप आला तर तडक रक्त दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा भिका डबा घेऊन पांडेसऱ्याला कारखान्यात निघाला होता. हिवाने कुडकुडून आदल्या दिवशीच उठलेला.

"रक्त दाखवलं का?"

"कशाला? उतरला ना ताप. उरलेल्या गोळ्या ठेवल्यात, पुढच्या वेळेला होतील."

मी त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

"आण्णा, खाडा पडेल!"

"पडू दे," म्हटलं. त्याला रिक्षात घातलं, लॅबच्या खिडकीशी नेलं, आणि सुई टोचेपर्यंत त्याचं बोट माझ्या मुठीत धरून ठेवलं.