मेजरांचा पहिला चमचा

“ढवळलं का?”

मेजर एवढंच विचारायचे. नमस्कार नाही, पेशंट कोण ही चौकशी नाही. मायक्रोवेव्हमधून भांडं बाहेर काढलं की पाठीमागून हा प्रश्न यायचा. नाही म्हणालात, तर चमचा हातात.

मिरजेच्या त्या दवाखान्यात माझी थोरली बहीण दाखल होती. नातेवाइकांच्या खोलीत कुणा दानशूराने दिलेला मायक्रोवेव्ह होता आणि दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी त्याच्याहून मोठी होती. म्हणे फीत कापली गेली, नारळ फुटला, भाषणं झाली. वापरायचा कसा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. माहितीपुस्तिका ऑफिसच्या कपाटात कुलपाआड सुरक्षित होती.

ती उणीव मेजरांनी भरून काढली. ते रहिमतपूरकडचे. निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण आपल्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आपला माणूस दवाखान्यात येतो तो स्टीलचा डबा घेऊन. जतकडच्या एका बाईंनी तो तसाच आत सरकवला. तडतड ठिणग्या उडाल्या. मेजरांनी झडप घालून बटण बंद केलं.

“आवं मावशी, दवाखाना पेटवताय व्हय?”

“नवाकोरा डबा हाय. लेकीच्या लग्नातला.”

“लग्नातला म्हणून ईज काय त्याचा मान ठेवती?”

आणि स्वतःची काचेची वाटी काढून त्यांनी मावशींच्या हातात दिली. एका तरुणाने कपभर पाणी तापवलं. बुडबुडा नाही, काही नाही. त्याने कॉफीची पूड टाकताच पाणी उसळून हातावर आलं. नळाखाली त्याचा हात धरून मेजर म्हणाले, “पाणी गप हाय म्हणून गार नसतंय, गड्या. जरा थांबावं.”

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. किरणांनी डोळे जातात, अशी त्यांची ठाम समजूत. ओव्हन चालू झाला की ते सगळ्यांना पाठ फिरवायला लावायचे. एक वकील, दोन प्राध्यापक आणि मी, वर्गात शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे. याची गरज नाही, असं मी एकदा म्हणालो.

“नसंल,” मेजर म्हणाले. “पर भिताडाकडं बघून तुमचं काय झिजतंय, पावणं?”

मी पुन्हा भिंतीकडे वळलो.

ही शिस्त फौजेतली असावी, असं मी धरून चाललो होतो. ती तिथली नव्हती. त्यांच्या बायकोची अर्धी जीभ ऑपरेशनमध्ये काढली होती आणि तोंडाची ती बाजू बधिर झाली होती. तोंडावाटे पुरेसं पोटात गेलं तर ठीक, नाहीतर नाकातून नळी, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नळीची त्या बाईंना मरणापेक्षा जास्त भीती. त्यांचा भाऊ नळी लागून गेला होता. नळी लागली की माणूस घरी परतत नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

म्हणून मेजर पेज गरम करून नेत. पहिल्याच आठवड्यात घात झाला. वाटी हाताला कोमट लागली, वर बोट टेकवलं तर तेही कोमट. ढवळलं मात्र नाही. मधली पेज उकळती होती.

“तिला कायच कळलं न्हाई,” मेजर मला म्हणाले. “मला फोड दिसलं, तवा कळलं.”

त्यानंतर चमचा जवळ आला की त्या ओठ मिटून घेत. बोलता येत नव्हतं, त्यामुळे रागावणंही नाही. नुसते मिटलेले ओठ. शेवटी मेजरांनी त्यांच्यासमोर पहिला चमचा स्वतः खाल्ला. मग तोंड उघडलं. सिस्टरने चाखायला वेगळा चमचा दिला, तर पुन्हा बंद. नवऱ्याच्या तोंडात गेलेलाच चमचा त्यांना हवा होता.

“जल्मभर माझ्या मागनं जेवली,” ते म्हणाले. “म्हटलं, हितं तरी आधी खाईल. हितं बी मीच आधी.”

एका सकाळी त्यांनी पेज गरम केली, तळापासून ढवळली, जरा थांबले, चमचाभर चाखली. तेवढ्यात सिस्टर दारात आली.

“काका, वॉर्डात चला. लगेच.”

त्यांनी वाटी माझ्याकडे दिली. “धरा जरा. आलोच.”

मी वाटी धरून बसलो. ती निवली, मग गार झाली, मग पेजेवर साय धरली.

मेजर परतले तेव्हा सोबत कुणी नव्हतं. समोरच्या बाकावर टेकले.

“गेली,” म्हणाले. “नळी न्हाई लावू दिली मी.”

मला वाटीचं काय करावं कळेना. पलीकडच्या बाकावरच्या बाईने हलक्या आवाजात विचारलं, ही पेज तिच्या सासऱ्यांना दिली तर चालेल का. मेजरांनी नकारार्थी मान हलवली.

“उष्टी हाय माझी. दुसऱ्याला कशी देऊ?”

“मी टाकून येतो,” मी म्हणालो.

“अन्न हाय, पावणं.”

त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि तिथेच बसून ती पेज संपवली. गारढोण झालेल्या प्रत्येक चमच्यावर ते आधी फुंकर घालत होते.