गयामावशीने पुढे सरकवलेलं ताट

गयामावशी गेल्याचं मला मंगळवारी ऑफिसात कळलं. फोन तिच्या मुलीचा, मंगलचा होता. "विलासभाऊ, आई गेली. सकाळी आंघोळीचं पाणी ठेवलं अन् तिथंच बसली... मंग उठलीच नाही." मी फोन ठेवला, समोर उभ्या असलेल्या माणसाचा अर्ज शेवटपर्यंत वाचला, त्यावर शिक्का मारला आणि मगच खुर्चीतून उठलो. माझा स्वभावच तसा. हातातलं काम नीट झाल्याशिवाय मला रडताही येत नाही. आज तिला जाऊन दोन महिने होत आले. तिच्या आठवणी लिहायला बसलोय हे खरं, पण तिची एक माफी मागायची राहून गेली आणि ती मागायला हवी होती हेच मला ती गेल्यावर कळलं, हे जास्त खरं.

आमची ओळख चर्चच्या मंडळीतली. यवतमाळात आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती मोजून तीस-पस्तीस जण. गावात आमची ओळख 'ते चहा न पिणारे' एवढीच. आमच्यात चहा वर्ज्य, आणि वऱ्हाडात चहाला नाही म्हणणारा पाहुणा लोकांच्या चांगलाच लक्षात राहतो. आमच्यात पगारी पाद्री नसतो, आपल्यातल्याच कुणावर तरी शाखाध्यक्षाची जबाबदारी येते. दर रविवारच्या सभेत प्रभुभोजन असतं. भाकर किंवा पाव, जे असेल ते मोडायचं, त्यावर प्रार्थना करायची आणि तुकड्यांचं ताट हातोहात सगळ्यांपुढे फिरवायचं. मग तसंच पाणी. मनात कुणाविषयी कडूपणा असेल तर आधी त्याच्याशी मिटवावं, तोवर ताटातलं न घेता ते पुढे द्यावं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सभेचा भाड्याचा हॉल लोहाऱ्याच्या रस्त्यावर, एका गॅरेजच्या वर. रविवारी तासभर हातोडा बंद ठेवा, असं खालच्या सलीमभाईंना सांगून आली होती तीसुद्धा गयामावशीच.

ती लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये सरकीच्या कापसातला कचरा वेचायची. कापसाचे ते फार वाईट दिवस होते. जिनिंग आठवड्यातून दोन दिवस चालायचं, कधी तेही नाही. आमच्या मंडळीतली निम्मी घरं या ना त्या वाटेने कापसावरच जगणारी. एका रविवारी कसलासा बंद होता, बाजारात पाव मिळेना, सगळे एकमेकांची तोंडं पाहत बसलेले. मावशीने पिशवीतून फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर काढली आणि टेबलावर ठेवली. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, चालेल की. त्या दिवसापासून भाकर मावशीची हे ठरूनच गेलं. तेव्हा टेबलामागे उभं राहून ती मोडायचं काम माझ्याकडे होतं. मावशी पहिल्या रांगेतून बोटांनी खुणा करायची, मोठा तोड, मोठा तोड. सभा संपली की वर ऐकवायची, "चिमण्याले दाणे टाकतं का रे? महिन्याच्या पयल्या रविवारी लोकं उपास धरून येतेत, अन् काही तर न धरताच उपाशी येतेत." प्रभुभोजनाच्या टेबलाशी आमच्यात पुरुषच उभे राहतात. मावशीचा हात तिथवर पोचायचा तो त्या भाकरीतूनच, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढे अध्यक्षपद माझ्याकडे आलं. उपासनेचा दर्जा कसा वाढवावा यावर नागपुरात दोन दिवसांचं शिबिर झालं आणि मी वही भरून परतलो. कारकून माणसाच्या हाती वही लागली की काय होतं ते सांगायला नको. सभा दहाला म्हणजे दहाला. बोलणाऱ्यांनी आठवडाभर आधी तयारी करायची. सुरुवातीची पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं. खोटं कशाला बोलू, सभा सुधारली. लोक एकमेकांचं ऐकू लागले, पोरांची पळापळ थांबली. मावशी स्वतः म्हणाली, "एवढं शांत तर मले माह्या घरात बी नाही भेटत रे." ते ऐकून मला आणखी जोर चढला. माझ्या वहीत एक ओळ भाकरीचीही होती. पांढऱ्या चादरीवर चुरा पडायचा, पाण्याची वेळ झाली तरी अर्धी मंडळी चावतच असायची. मी तिला जिन्यात गाठलं आणि सांगितलं, "मावशी, पुढच्या रविवारपासून बेकरीचा पाव आणू. भाकरीनं शांतता मोडते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "काहून? देवाले चावल्याचा तरास होते का?"

"तसं नाही मावशी. नीटनेटकं दिसायला हवं."

"बरं बाप्पा. तू अध्यक्ष हायस," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

पुढच्या रविवारी पाव आला, एकसारखे छोटे छोटे तुकडे, चुरा नाही की आवाज नाही. ताट गयामावशीपुढे आलं. तिने ते घेतलं आणि काही न उचलता शेजारणीकडे सरकवलं. समोर बसलेल्या अध्यक्षाला हे दिसतंच. असं तीन रविवार झाल्यावर मी तिला आतल्या खोलीत बोलावलं. "मावशी, काही अडचण?"

"हो. एका माणसाचा राग हाय मनात. तो जात नाही तवर मी नाही घेनार."

"कुणाचा?"

"ते तुले कायले?"

आणि मग मी, शाखाध्यक्ष विलास, तिला क्षमेवर वीस मिनिटं बोललो! जिनिंगमधल्या मुकादमाचा राग असेल असं मीच ठरवून टाकलं होतं. म्हटलं, त्या माणसाकडे जा, चार शब्द बोल, मन मोकळं कर. ती मान खाली घालून ऐकत होती. मधेच तिच्या ओठांवर काहीतरी हललं... हसू असावं. शेवटी म्हणाली, "त्याले समजन का पन?" मी म्हणालो, "नक्की समजेल." "पाहू," म्हणाली, आणि पदर सावरून उठली. ताट मात्र तसंच पुढे जात राहिलं, पाच-सहा महिने. मग एका रविवारी तिने अचानक तुकडा उचलला, डोळे मिटून खाल्ला. माझ्या उपदेशाला फळ आलं म्हणून मी घरी बायकोलाही कौतुकाने सांगितलं. नंतरच्या वर्षांत ती माझ्याशी कधीही तुटक वागली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तीन दिवस पुऱ्या लाटायला होती.

महिन्यापूर्वी मंगलकडे गेलो होतो. तिने लिंबाचं सरबत दिलं. बोलता बोलता मी तो जुना प्रसंग काढला, तुझ्या आईने त्या मुकादमाला शेवटी माफ केलं बघ, असं म्हणालो. मंगल ग्लास हातात धरून थांबली.

"कोनता मुकादम, भाऊ? तो राग तं तुमचाच होता."

 मग ती सांगत गेली. भाकर बंद झाली तेव्हा आई आठ दिवस धड जेवली नव्हती. "माह्या घरात देवाले चालन असं एवढंच होतं, ते बी नाही चाललं," असं म्हणायची. आणि मग तो राग गेला कसा, तेही तिनेच सांगितलं. माझे वडील वारले त्याच्या पाचव्या दिवशी रविवार होता. मी ठीक दहाला सभा सुरू केली, इस्त्रीचा सदरा घालून, डोळ्यांत टिपूस न आणता. मावशी पहिल्या रांगेत होती. घरी गेल्यावर मंगलला म्हणाली, "तो पोट्टा सोतावरही चुरा पडू देत नाही वं. त्याच्यावर काय राग धरू?" त्याच दिवशी तिने तुकडा उचलला होता.

म्हणजे मी सांगितलेलं सगळं तिने एकटीने केलं. माझ्या वाटचंही केलं. मी फक्त पाव मोजून आणत राहिलो.

आता अध्यक्ष दुसरे आहेत, वयाने लहान, गुणी. गेल्या रविवारी मंगल माझ्या शेजारी बसली होती, मावशीच्या जागी. ताट आलं. मला आजवर कधीच अडचण आली नव्हती... कुणाशी मिटवायचं असलं तर ते माणूस गावात असायचं, सायकल काढून जाता यायचं. मी ताट हातात धरून बसलो. मंगल हळूच म्हणाली, "घ्या ना भाऊ. आईनं राग कवाच सोडला होता."

"तिनं सोडला गं," मी म्हणालो, "मी माफी मागितलीच नव्हती."

आणि ताट तसंच तिच्या हातात दिलं.