हिकरीच्या बुंध्याशी मीठ

अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या घरामागे हिकरीचं एक जुनं झाड होतं. अक्रोडाच्या जातकुळीतलं, लांब लांब पट्ट्यांनी साल सुटलेलं. आम्ही घर घेतलं त्याच शरदात एक बाई दारात आल्या. इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांच्या पणजीच्या माणसांनी ही झाडं राखली होती. भोवती घरं होत गेली आणि एवढं एकच उरलं. फळं वेचू द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं.

मग त्या दरवर्षी येऊ लागल्या. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणायचो. झाडाखाली दाटणारी मेपलची रोपं त्या कापायच्या, मार्चमध्ये टाउनची परवानगी काढून पाचोळा हलकेच जाळायच्या. त्या धुरात मला कोकणात भातपेरणीआधी जमीन भाजायचा आमचा राब दिसायचा, काठीनं आग सारखी करणारे वडील दिसायचे. जन्मभर इंजिनिअरची नोकरी केली, पण झाडातलं आपल्याला कळतं हा माझा जुना तोरा.

एका वर्षी फळ अगदीच कमी आलं. "झाड विसावा घेतंय," म्हणत मावशी अर्धी टोपली घेऊन गेल्या. मला मात्र चैन पडेना. वडील नारळाला आळं करून मीठ घालायचे, तसं मी करायला निघालो.

"अहो, आधी त्यांना फोन करा ना," बायको म्हणाली. "उगाच काहीतरी ट्राय करू नका."

"मला झाडातलं शिकवू नकोस," मी म्हणालो.

दोन वसंत मी पोतं पोतं मीठ घातलं. पहिल्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या, तर मी उन्हाला दोष दिला, शरदात मावशींनाही तेच सांगितलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडाच वाळला. उरलेल्या फांद्या मात्र मरू घातलेलं झाड शेवटचं लगडतं तशा फळांनी लगडल्या.

शरदात मावशी आल्या, तेव्हा मी सगळं कबूल केलं. त्यांनी खोडाला हात लावून वर वाळलेल्या शेंड्याकडे पाहिलं.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"वडिलांनी. आमच्याकडे नारळाला घालतात."

"म्हणजे घरचं झाड समजून केलंस."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"वाचेल?" मी विचारलं.

"नाही."

त्यांनी फळं वेचली. निम्मी पेरायला बाजूला ठेवली. ती झाडं फळं धरतील तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणी नसणार. उरलेली आमच्याच किचनमध्ये कवचासकट कुटली, उकळली, गाळली. नारळाच्या रसासारखं दाट दूध निघालं. पहिला कप त्यांनी माझ्यापुढे धरला. मी नको म्हणालो, तरी त्या हात मागे घेईनात.

प्यालो. गोड होतं. इतकी वर्षं ते झाड माझ्या दारात उभं होतं, आणि त्याची चव मी पहिल्यांदा घेत होतो, ते मारून टाकल्यावर.