साडेदहाला मागच्या दाराने

तिकीट नसलेला माणूस मी पाठीवरून ओळखतो. एकतीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली, उगाच नाही. हेडली क्रॅबट्री सकाळी साडेदहाला 'शटल'च्या मागच्या दाराने आत शिरताना दिसला, तेव्हाच म्हटलं, क्लाइव्ह, इथे कुठेतरी पाणी मुरतंय!

पब उघडतो अकराला. मग साडेदहाला या गृहस्थाचं आत काम काय? आणि हेडली म्हणजे कोण? बांधकामवाला. समोरचा 'फ्लीस' पब त्यानेच विकत घेतला आणि फ्लॅट करून टाकले. जिथे मी बिअरचा पहिला पाइंट प्यायलो तिथे आता कुणाचं तरी न्हाणीघर आहे. गावात उरलाय एकटा 'शटल'.

'शटल' चालवते ग्लेनिस बूथरॉइड. राहते त्याच्याच वरच्या मजल्यावर. नवरा नेव्हिल होता तेव्हाही तो नुसता काउंटरवर गप्पा मारायचा, तळघर मात्र हिचं. पिंपातली बिअर जिवंत असते. खाली आणली की तिला निवांत पडू द्यावं लागतं, लाकडी खुंटी सैल करून श्वास घेऊ द्यावा लागतो, आणि नेमक्या दिवशी वर आणावी लागते. तो दिवस ग्लेनिस नाकाने ठरवायची. तिचा बाप दूधवाला. लहानपणी बाटलीचं झाकण न काढताच दूध नासलंय की नाही ते सांगायची म्हणे. माझा नाही विश्वास. पण बिअरच्या बाबतीत ती कधी चुकलेली मी पाहिली नाही.

बिअर बिघडलीय म्हणून कुणी पेला परत आणला तर ती वाद घालत नसे. नाकाशी न्यायची, मोरीत ओतायची, दुसरा भरायची. एकदा आमच्या टेबलावरच्या माल्कम सटक्लिफने खोडी काढायची म्हणून चांगला पेला परत केला. हिने हुंगला आणि पुन्हा त्याच्यासमोर आदळला. म्हणाली, "बिअर ठणठणीत आहे. तुझं पोट दाखव डॉक्टरला."

अशी बाई. आणि फेब्रुवारीपासून तिने सकाळचा पहिला पेला हुंगायचंच सोडलं. अकराला दार उघडलं की खिडकीशी उभी राहून ती तो पेला उजेडात धरायची, हुंगायची, घोट घ्यायची. ते बंद. आणि मार्चपासून हेडली मागच्या दाराने आत.

मी मागच्या गल्लीसमोरच्या बाकावर बसून पाळत ठेवली. एकदाही खाडा नाही. बाहेर येताना मिशीला फेस. इमारत बिअर कारखान्याची, ग्लेनिसचा करार ऑक्टोबरात संपतो. मी दोनात दोन मिळवले. ही करार सोडणार, हेडली इमारत घेणार, आणि आमच्या शनिवारच्या टेबलाच्या जागी उद्या कुणाचा तरी टीव्ही बसणार. संताप संताप झाला नुसता.

म्हटलं, परीक्षाच घ्यावी. जिला पब सोडायचाय तिला बिअरचं काय सुखदुःख!

शनिवारी दुपारी पब भरलेला होता. मी अर्धा पाइंट घेतला. चव बघितली, झकास. मग ग्लेनिस पाठमोरी झाली तशी काउंटरवरच्या, मुरवलेल्या अंड्यांच्या बरणीतलं व्हिनेगर दोन चमचे पेल्यात घातलं. नाकाला झोंबलं मला.

"ग्लेनिस, ही बिअर बघ गं जरा."

तिने पेला नाकाशी नेला. दाराकडे एक नजर टाकली. हेडली तिथे नव्हता. पेला परत माझ्यासमोर ठेवला.

"उत्तम आहे, क्लाइव्ह. सकाळीच उघडलंय पिंप."

"उत्तम?" मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. "मग खरंच आहे तर! हेडलीच्या घशात घालणार ना हा पब?"

"काय बडबडतोयस?"

शेजारच्या माल्कमने पेला उचलला, हुंगला, आणि मान अशी झटकन मागे घेतली की त्याची टोपीच पडली. "अरे देवा! ग्लेनिस, अगं हे तर लोणचं झालंय!"

सगळ्या माना वळल्या. ग्लेनिसने माल्कमच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. कानापर्यंत लाल झाली. तिने पंपावरची पाटी उलटी फिरवली, म्हणजे ही बिअर संपली, आणि तळघरात गेली.

मी जिंकलो होतो. पण तिचा तो चेहरा काही मला जिंकल्यासारखा वाटेना. मी मागोमाग उतरलो.

तिने पिंपाची तोटी उघडून टाकली होती. अख्खं पिंप गटारात चाललं होतं. तळघरभर वास सुटला होता, भाजलेल्या पावाच्या कडेचा, त्यात थोडी संत्र्याची साल. वर्षातली सगळ्यात चांगली बिअर होती ती. आणि त्या वासाच्या मधोमध उभी असलेली ग्लेनिस नुसती बघत होती.

"अगं थांब! चांगली आहे बिअर! मी व्हिनेगर घातलं, मी!"

तिने तोटी बंद केली. "किती?"

"दोन चमचे."

"दोन चमचे," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. "आणि मला कळलं नाही."

मग सांगितलं. फेब्रुवारीत ताप आला, तो जाताना वास घेऊन गेला. चहाला वास नाही, साबणाला नाही. "नेव्हिलचा कोट आहे कपाटात. रोज तोंड खुपसते त्यात. लोकर टोचते रे नाकाला, बाकी काही नाही." कारखान्याला कळलं तर करार गेला, आणि करार गेला की वरचं घरही.

"पण हेडलीला का सांगितलंस? त्या हेडलीला?"

"मी कुठे सांगितलं? त्याने विचारलं. ओव्हनमध्ये पाव जळत होता आणि मी शेजारी उभी राहून ग्लास पुसत होते. म्हणाला, 'ग्लेनिस, वास येत नाही का गं तुला?' तेव्हापासून रोज येऊन बिअरची चव बघून जातो. तू कधीपासून बसतोयस त्या बाकावर?"

"सात आठवडे."

"सात आठवडे थंडीत बसलास, बाबा. एकदा आत येऊन विचारायचं होतंस."

लाज वाटली. साठीनंतर एवढी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं.

वर आलो. सगळे माझ्याकडेच बघत होते. जन्मात एकाही विनातिकीट माणसाला सोडलं नव्हतं मी, पण त्या दिवशी सरळ खोटं बोललो. "व्हिनेगर मी घातलं होतं. तिला पहिल्या हुंगण्यातच कळलं. माझीच जिरवायची म्हणून उत्तम म्हणाली."

हशा पिकला. ग्लेनिस वर आली, तिने पाटी सरळ केली आणि सगळ्यांदेखत मला महिनाभर पबची बंदी घातली. बिअरमध्ये काही कालवणाऱ्याला 'शटल'मध्ये हीच शिक्षा आहे. माल्कम मात्र हसला नाही. टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

सोमवारी संध्याकाळी हेडली माझ्या घरी आला. दारातच म्हणाला, "मी लेकीकडे चाललोय आठवडाभर. उद्या साडेदहाला. मागच्या दाराने."

गेलो. ग्लेनिसने नव्या पिंपातला घोटभर पेला पुढे केला. मी हुंगला, चाखला. "अजून कच्ची आहे. दोन दिवस पडू दे."

वाटलं, विचारेल, नक्की का रे? तिच्या जागी मी असतो तर तीनदा विचारलं असतं. तिने काही विचारलं नाही. खडू घेतला आणि पिंपावर लिहिलं, गुरुवार.

निघताना मागचं दार उघडलं. गल्लीच्या तोंडाशी माल्कम उभा, माझ्या मिशीवरचा फेस बघत आणि मनगटावरचं घड्याळ बघत. मी पुन्हा आत झालो आणि दाराला कडी घातली.