शेव संपेपर्यंत

इंदूरच्या स्नेहलतागंजात स्टेशनच्या वाटेवर एक पोहेवाला बसायचा. मुंबईला निघालेला माणूस दिसला, की पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत तो सगळा कार्यक्रमच आखून द्यायचा. "पहले चौपाटीवर अनवाणी चाला, मग बोटीत बसा, भेळ खा. पण भिया, तिथली शेव एकदम फीकी. ही घेऊन जा." लगेच कागदात शेव बांधलेली असायची.

लग्नानंतर आम्ही दोघं निघालो, तेव्हा मी त्याला विचारलं, "तुम्ही किती दिवस राहिलात तिथं?"

"आठ दिवसांसाठी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी परत. शेव संपली ना!"

आम्ही स्टेशनपर्यंत हसत गेलो.

चौथ्या संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाताना बायकोनं आमचा शेवेचा रिकामा कागद झटकला. समोर समुद्र सुंदरच दिसत होता.

"अहो," ती म्हणाली, "इंदूरची गाडी किती वाजता असते?"