कोरडी बॅट

बॉलिंग क्लबचा कॅप्टनच टाकत होता. त्याचे सलग दोन चेंडू मी त्याच्या डोक्यावरून सीमेपार मारले. तिसरा टाकायला तो मागे गेलाच नाही. मॅटवरून चालत सरळ माझ्यापर्यंत आला.

"बॅट कोनाची हाये वं?"

"तुमची."

"मंग दे."

अंपायर त्याच्याच क्लबचा. तो कडुनिंबाकडे बघत राहिला. मी बॅट घट्ट धरून उभी होते. तेवढ्यात सीमेजवळ बसलेले बाबा धावत आले. मॅट अंथरून खिळे ठोकायचं काम त्यांचं. त्यांनी बॅट माझ्या हातातून सोडवली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली.

"घ्या भैयाजी."

त्याने किटमधून एक जुनी बॅट मागवली. खाली चिरलेली, सुतळीने बांधलेली. माझ्यापुढे धरली.

आणि मी म्हटलं, "थँक यू."

तंबूत बसलेले सगळे हसले. "अबे, भाजीवाली थँक यू म्हनते!" मागून कुणीतरी ओरडलं, "तिले विळा द्या, विळा!"

पुढचा चेंडू त्या चिरेवर बसून वर उडाला. झेल. नागपूरहून मुलींचा संघ निवडायला आलेल्या बाईंनी पुढच्या मुलीला हाक मारली. ती मॅच आमच्या निवडीसाठीच ठेवली होती; बॉलिंग क्लबच्या मुलांची, बॅटिंग आम्हा मुलींची. माझी निवड तिथे संपली.

भैयाजी म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाचा मुलगा, वर्ध्यातल्या क्लबचा कॅप्टन. नालवाडीच्या आमच्या मळ्यातून त्यांच्या बंगल्यावर भाजी जायची. क्रिकेटच्या हंगामाच्या सुरुवातीला रिकामी टोपली परत यायची, तिच्यात त्याची नवी बॅट आणि जवसाच्या तेलाची बाटली. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. नवी बॅट कोरडी असते, तशीच खेळली तर फुटते. म्हणून तेल चोळायचं, आडवी ठेवून मुरू द्यायची, मग जुन्या चेंडूने ठोकून ठोकून लाकूड बसवायचं. आधी दादा करायचा. तो नागपूरला कामाला गेला आणि ते माझ्याकडे आलं. दोडक्याच्या मांडवाला मोज्यात चेंडू टांगून मी संध्याकाळभर मारत राहायची. बॅट त्याची तयार व्हायची. त्यात मीही तयार झाले, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. निवडीला मी तीच बॅट घेऊन गेले, माझी स्वतःची नव्हतीच. त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं.

माझी शाळा मिशनची, इंग्रजी. शाळेच्या स्वयंपाकघराला बाबा भाजी द्यायचे, म्हणून सिस्टरांनी मला घेतलं. मी वर्गात फारशी बोलायची नाही. पण एक गोष्ट तिथे हाडात मुरली होती. कुणी काही दिलं की थँक यू म्हणायचं. काय दिलं, ते बघायचं नाही.

पुढच्या हंगामात टोपली आली. नवी बॅट, तेल. मी दोन्ही तशीच ठेवली आणि वरून मेथीच्या जुड्या रचल्या. टोपली उचलताना बाबांना वजन जाणवलं.

"काऊन वं? तेल नाई लावलं?"

"नाई लावणार."

"मी काय सांगू तिकडं?"

"कोरडी हाये म्हना. ज्याची हाये, त्यानं लावावं."

बाबांनी हात उगारला. मी मान खाली घातली नाही. हात खाली आला, पण त्यांचं माझ्याशी बोलणं बंद झालं. बंगल्याने भाजी शेजारच्या सिंदी मेघे गावातल्या एकाकडून घ्यायला सुरुवात केली. आई टोपली घेऊन बाजारात बसू लागली. ते जास्त लागलं.

दादाने एक बॅट आणून दिली. हलक्या लाकडाची, मधोमध गाठ असलेली. पहिल्यांदा मी स्वतःसाठी तेल चोळलं. नंतरच्या वर्षी निवड झाली. विदर्भाकडून खेळले, खेळावर नोकरी लागली. सामन्याआधी कुणी सहज बॅट बघायला मागितली, तरी माझी मूठ आजही आवळते.

आता भैयाजी क्लबचा अध्यक्ष आहे. परवा त्याचा माणूस घरी आला होता. माझा सत्कार ठेवलाय, त्याच मैदानावर. नवी बॅट भेट देणार आहेत.

"भैयाजी म्हनतात, आमच्याच बॅटीवर शिकली पोरगी."

बाबा खूश. "जा वं. मान देऊन राह्यले ते."

मी जाणार आहे. तो बॅट पुढे करील तेव्हा माझे हात मागे असतील. थँक यू म्हणणार नाही. माईक घेईन आणि त्या दिवशी मॅटवर काय झालं ते सांगेन. त्याच्या नावासकट. दुपट्ट्यासकट.

बाबा समोरच बसलेले असतील. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी एकही शब्द गाळणार नाही.