घरी मिळाला नाही

सदर भागातल्या पुतळा समितीच्या कार्यालयाचा जिना मी तिसऱ्यांदा चढले, तेव्हा गुडघ्यांनी स्पष्ट सांगितलं, बाई, आता पुन्हा नाही. आमच्या भागातल्या चौकात एका मोठ्या क्रांतिकारक नेत्याचा पुतळा आहे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते रस्त्याला आहे, शाळेला आहे, बसस्टॉपला आहे, एका मंगल कार्यालयालाही आहे. आता पुतळ्याभोवती बाग होणार होती आणि चौथऱ्यावर त्यांच्या साथीदारांच्या नावांची शिळा बसणार होती. त्या शिळेवर माझ्या आजोबांचं नाव यावं, एवढंच माझ्या वडिलांना हवं होतं. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. बाकी काही मागायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय.

समितीचे सचिव भले गृहस्थ आहेत. तिन्ही खेपांना त्यांनी चहा पाजला आणि तिन्ही खेपांना तेच सांगितलं.

"मॅडम, मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण एखादा कागद पाह्यजे ना. जेलचा दाखला आणा, वारंट आणा."

"ते जेलमध्ये गेलेच नाहीत," मी म्हणाले.

"मंग कसं करता?"

मग कसं करता! आजोबांचं कामच मुळी न पकडलं जाण्याचं होतं. कन्हान नदीच्या रेतीत त्यांची डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, होती. नदीचं पाणी आटलं की रेतीत वेल लावायचे, उन्हाळाभर डांगरं विकायची, आणि पावसाळ्यात नदी सगळं धुऊन न्यायची. नेते भूमिगत होते तेव्हा एक अख्खा उन्हाळा त्या वाडीतल्या झोपडीत राहिले. त्यांच्या चिठ्ठ्या डांगरांच्या टोपल्यांच्या तळाशी दडून गावोगाव गेल्या. पुढे ते दुसरीकडे पकडले गेले. त्यांच्यासोबत जे सापडले त्यांची नावं तुरुंगाच्या रजिस्टरात चढली, आणि तिथून पुस्तकांत. आजोबांनी आपलं काम चोख केलं, म्हणून ते कुठेच नाहीत. हे सचिवांना समजावता समजावता माझा चहा गार झाला.

"पोलीस पाटलाचा एखादा रिपोट असन तर पाहा," ते म्हणाले. "तेवढाही चालते आपल्याले."

मी कप खाली ठेवला आणि उठले. ऑटोत बसून प्रताप नगरातलं घर येईपर्यंत मला स्वतःचा नुसता संताप येत होता. कारण तसा रिपोर्ट होता. मी तो हातात धरला होता, आणि मीच तो फाडायच्या गठ्ठ्यात टाकला होता.

मी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तेहतीस वर्षं कारकुनी केली. नोकरीच्या सुरुवातीलाच एका उन्हाळ्यात कपाटं रिकामी करायचा हुकूम आला. एकेक कागद पाहायचा आणि ठरवायचं, हा कायम ठेवायचा की नष्ट करायचा. कन्हानकडच्या गावांचे जुने बस्ते, कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, माझ्या वाट्याला आले. कूलर बंद, धुळीनं नाक चोंदलेलं. आणि एका पिवळ्या पडलेल्या कागदावर अचानक आजोबांचं नाव. खाली पाटलाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: घरी मिळाला नाही. बायको सांगते, डांगरं विकण्यास भंडाऱ्याकडे गेला. अशा तीन नोंदी होत्या आणि तिन्हींचा मजकूर एकच होता.

मी हरखून गेले. बाजूला आमचे बडे बाबू बसले होते, त्यांना दाखवला.

"घेऊन जा ना वं घरी," ते म्हणाले. "फाडाचाच तं आहे."

"सरकारी कागद आहे, बाबूजी."

ते माझ्याकडे पाहून हसले आणि पुन्हा आपल्या गठ्ठ्यात डोकं घालून बसले. त्यांना काय ठाऊक, आमच्या घरात सरकारची टाचणीसुद्धा यायची नाही! बाबा शाळेत मास्तर होते. खडूचा तुकडा चुकून खिशातून घरी आला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवायचे. त्याच तोऱ्यात मी तो कागद नष्ट करायच्या गठ्ठ्यात टाकला. कायम ठेवायच्या गठ्ठ्यात टाकला असता तर मला कोणी विचारलंही नसतं. पण नियमात बसत नव्हतं. आणि आजोबा कोण होते हे घरात सगळ्यांना माहीतच होतं, त्याला पुरावा कशाला लागतो? घरी मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या कागदाचं पुढे काय केलंस, हेही सांगावं लागलं असतं.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर माझी वाटच पाहत होते.

"काहून वं बाई, काय म्हणे तो?"

मी चप्पलही न काढता पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. कागद सापडला होता, मी वाचला होता, मीच फाडायला दिला. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "काय लिहून होतं त्याच्यात?"

मी म्हणून दाखवलं. त्यासाठी आठवावं लागलं नाही.

"अजून एकदा सांग बरं."

पुन्हा सांगितलं. बाबांनी आपल्या मांडीवर हात ठेवला.

"म्हणजे माय तिन्ही खेपा खोटं बोलली," ते म्हणाले. "माझे बाबा तं तेव्हा वाडीतच होते. ते अन् नेते, दोघंही तिथंच होते."

"हो ना."

"पाटलाचे माणसं दारात आले का माय मले कडेवर घे. अन् मांडीले असा चिमटा काढे. मी जे रडत होतो, ते थांबतच नव्हतो. शेवटी ते लोक कटाळून चालले जात." त्यांचा हात अजून तिथेच होता. "मले जनमभर वाटलं, मायचा हात लय कडक. मोठा झाल्यावर मी तिले तसं म्हटलंही होतं."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. हसली."

बाबा पुढे म्हणाले, "अन् तिचं नाव काहून नाही टाकलं तू अर्जात?"

तीन अर्ज मी माझ्या हातानं लिहिले होते. आजोबांना सगळे विसरले म्हणून त्या सचिवांशी तावातावानं भांडले होते. पाटलाच्या त्या ओळी मला इतकी वर्षं तोंडपाठ होत्या, आणि दारात उभं राहून ते उत्तर कोणी दिलं, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. मी स्वतः बाई आहे. मला खरंच लाज वाटली.

शिळा याच महिन्यात कोरली जाणार आहे, आपल्याकडे कागद नाही, सचिव पुन्हा चहा पाजून परत पाठवतील, हे मला कळत होतं. बाबांनाही कळत होतं. तरी ते म्हणाले, "लिही."

मी कोरा कागद आणला. साथीदाराचे नाव, असं लिहून रेघ मारली आणि पेन थांबलं. आजी माझ्या जन्माआधीच गेली. घरात विषय निघाला तर ती बाबांची माय, नाहीतर आजोबांची बायको. पाटलाच्या कागदातही बायकोच.

"बाबा, आजीचं नाव काय होतं?"

त्यांनी नाव सांगितलं. आवाज इतका बारीक झाला होता की मला पुन्हा विचारावं लागलं.

"हे सासरचं," ते म्हणाले. "लग्नात ठेवलेलं. माहेरचं मले माहीत नाही. कधी इचारलंच नाही."

मी सासरचं लिहिलं.